खोट्या गटात नाव आलं तर?

*माझे यजमान ६३ वर्षांचे आहेत. सात महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. आता काठी घेऊन चालतात. उजवा हात छातीपर्यंत येतो, मूठ वळते, पण उघडत नाही. बोलणं तुटक आहे, 'हो', 'नाही' आणि चार-दोन शब्द. फिजिओथेरपी चालू आहे तिथल्या डॉक्टरांनी एका संशोधनात त्यांना घ्यायचं सुचवलं आहे. डोक्याजवळ चुंबकाचं यंत्र धरतात, आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे. पण म्हणे निम्म्या लोकांना खरं यंत्र आणि निम्म्यांना खोटं, आणि कुणाला काय ते सांगत नाहीत. परदेशातला मुलगा फोनवर चिडतो, 'बाबांवर प्रयोग करू देऊ नकोस.' धाकट्या दिरांनी एक खासगी केंद्र शोधलंय, तिथे हात सुधारण्याची खात्री देतात, पैसे मात्र आधी. जावई म्हणतात, डोक्याला लावायचा बॅटरीचा पट्टा ऑनलाइन मिळतो, घरीच करू. खोट्या गटात नाव आलं तर सहा आठवडे फुकटच जातील ना? काय करू?*
*(नाव छापू नये ही विनंती.)*

ताई,

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. खासगी केंद्र नको. पट्टा तर नकोच. संशोधनात मात्र जायला हरकत नाही. तुमच्या यजमानांची इच्छा असेल तर जावं असंच मी म्हणेन, पण त्याआधी काही गोष्टी नीट विचारून घ्या. आता सहा आठवडे फुकट जाण्याच्या भीतीपासून सुरुवात करू.

अमेरिकेतल्या १२ केंद्रांवर 'नीश' नावाची एक मोठी चाचणी झाली. तिचा निकाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. झटक्याला तीन महिन्यांपासून वर्षापर्यंत काळ उलटलेले १९९ रुग्ण तिच्यात होते, म्हणजे तुमच्या यजमानांसारखेच. वेळापत्रकही तुम्ही लिहिलंय तसंच होतं, सहा आठवड्यांत अठरा बैठका. प्रत्येक बैठकीत आधी डोक्यावर चुंबकीय उत्तेजन आणि लगोलग तासभर हाताचा व्यायाम. काहींना खरं उत्तेजन, काहींना खोटं. खोट्यातही यंत्र तसंच टकटक वाजतं, डोक्याला तसंच लागून असतं. उपचार संपून सहा महिने झाल्यावर मोजमाप केलं, तेव्हा खऱ्या गटातल्या ६७ टक्के लोकांचा हात दखल घेण्याइतका सुधारला होता. खोट्या गटातल्या ६५ टक्के लोकांचा.

संशोधकांच्या हिशेबात ही चाचणी फसली, कारण यंत्राने वेगळं काही दिलं हे दिसलं नाही. खोट्या यंत्राचाही थोडा परिणाम होत असावा अशी शंका पुढे निघाली, त्यावर वादही झाला. पण घरच्या माणसाने हा निकाल दुसऱ्या बाजूने वाचायला हवा. खोट्या गटातल्या दर तीन माणसांतल्या जवळपास दोघांचा हात सुधारला, आणि तोही आपोआप सुधारण्याचा वेग मंदावल्यानंतर. हे बहुतेक त्या तासाभराच्या व्यायामाचं फळ. नेमाने, ठरलेल्या पद्धतीने, कुणीतरी समोर बसून करून घेतलेल्या व्यायामाचं. तेव्हा खोट्या गटात जाणं म्हणजे रिकाम्या हाताने परतणं नाही. तुमच्या संशोधनातही दोन्ही गटांना सारखाच आणि भरपूर व्यायाम असेल, तर चिठ्ठी कुठलीही निघो.

म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न यंत्राबद्दल विचारू नका. "यंत्र काढल्यावर पुढचा तास तुम्ही काय करून घेणार?" हे विचारा. उत्तर 'नेहमीची फिजिओथेरपी' एवढंच आलं तर खोदून विचारा. किती मिनिटं? कोण करून घेणार? प्रत्यक्ष वस्तू उचलणं, ठेवणं, पकडणं, सोडणं असतं का, की नुसता हात खालीवर हलवायचा? उत्तेजनाचा हेतू मेंदूला थोडा वेळ शिकण्याच्या तयारीत ठेवणं एवढाच असतो. त्या वेळात हाताला काही शिकवलंच नाही, तर जमीन नांगरून पेरणी न करण्यासारखं झालं.

आता यंत्र म्हणजे काय ते थोडक्यात. तांब्याच्या तारेचं वेटोळं, त्याला कॉइल म्हणतात, ते डोक्याला टेकवतात आणि त्यातून क्षणभर जोराचा विद्युतप्रवाह सोडतात. त्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते कवटीतून आरपार जातं आणि खालच्या मेंदूत अगदी छोटा प्रवाह निर्माण करतं. इंग्लंडमध्ये शेफिल्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली हे पहिल्यांदा करून दाखवलं. हाताच्या केंद्रावर एक टिचकी दिली की शरीराच्या विरुद्ध बाजूचा अंगठा आपोआप उडतो. मी सांगते ना, पहिल्यांदा पाहणारा माणूस दचकतोच. कापणं नाही, भूल नाही. आवाज होतो, टाळूवर टोचल्यासारखं वाटतं, काहींचं डोकं दुखतं.

हातासाठी जास्त वापरली जाणारी पद्धत ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं, कारण कॉइल इजा झालेल्या बाजूला नाही, तर चांगल्या बाजूला लावतात. सेकंदाला एक अशा संथ टिचक्या दिल्या की तो भाग थोडा शांत होतो. मेंदूचे दोन अर्धे एकमेकांना आवर घालत असतात, आणि झटक्यानंतर चांगला अर्धा जखमी अर्ध्याला जास्तच दाबून ठेवतो, अशी यामागची कल्पना. दाब कमी केला तर जखमी बाजू डोकं वर काढेल. कल्पना सुबक आहे, पण सगळ्यांना लागू पडतेच असं नाही. ज्यांची इजा मोठी आहे, त्यांच्यात तोच चांगला अर्धा हात हलवायला मदत करत असू शकतो. मग त्यालाच गप्प करून काय साधणार? २०२० मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांच्या गटाने पुरावे तपासून, झटक्यानंतरच्या सुरुवातीच्या आठवड्या-महिन्यांतल्या हातासाठी या संथ पद्धतीला वरची श्रेणी दिली. आणि त्याच्या दोनच वर्षं आधी 'नीश'चा निकाल तसा होता. जाणत्या लोकांतच एकमत नाही, म्हणून तर अजून चाचण्या चालू आहेत. उत्तर ठाऊक असतं तर निम्म्या लोकांना खोटं यंत्र लावणं नैतिक ठरलंच नसतं. हे मुलाला अवश्य सांगा.

याच कॉइलचा आणखी एक उपयोग आहे, त्याबद्दल विचारायला विसरू नका. डाव्या, म्हणजे जखमी बाजूवर एकेक टिचकी देऊन उजव्या हाताचे स्नायू हलतात का ते पाहतात. हलले तर मेंदूपासून हातापर्यंतची वाट थोडीतरी शाबूत आहे असं कळतं. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या कॅथी स्टिनियर आणि त्यांच्या गटाने झटक्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत ही तपासणी वापरून हात पुढे कितपत सुधारेल याचा अंदाज बांधायची रीत तयार केली. सात महिन्यांनंतर त्या अंदाजाचा अर्थ बदलतो, पण वाट आहे की नाही हे कळणं आजही कामाचंच. संशोधनाच्या निमित्ताने ही तपासणी झाली तर तिचा निकाल मागून घ्या.

मुलाच्या रागाकडे दुर्लक्ष करू नका. तो लांब आहे, हतबल आहे, आणि 'प्रयोग' या शब्दाने कुणाच्याही पोटात गोळा येतो. त्याला खरी जोखीम सांगा. या उत्तेजनाने क्वचित आकडी येऊ शकते, म्हणून आधी कधी फिट आली होती का हे विचारतात. हे लपवायचं नाही. डोक्यात शस्त्रक्रियेची क्लिप किंवा धातूचा तुकडा, पेसमेकर, कानात बसवलेलं श्रवणयंत्र यांपैकी काहीही असेल तर सांगायचं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी द्यायची, झोपेच्या आणि मनाच्या गोळ्यांसकट, कारण काही औषधांनी आकडीची शक्यता वाढते. आणि कुठल्याही दिवशी, कारण न देता, संशोधनातून बाहेर पडता येतं. बाहेर पडलात म्हणून नेहमीचे उपचार थांबता कामा नयेत. हे संमतीपत्रात लिहिलेलं असायला हवं. नसेल तर तिथेच थांबा.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मात्र मला सापडली नाही. डॉक्टर काय म्हणतात, मुलगा काय म्हणतो, दीर आणि जावई काय म्हणतात, सगळं आहे. ज्यांचा हात आहे ते काय म्हणतात?

तुम्ही मुद्दाम वगळलं नसणार. बोलता येत नाही म्हटल्यावर घरचे आपोआप त्या माणसाच्या जागी बोलायला लागतात. पण डाव्या मेंदूच्या झटक्याने वाचा गेली म्हणजे समज गेली असं नाही. बरेच जण बोलू शकतात त्यापेक्षा कितीतरी जास्त समजून घेतात. काहींची समजही उणावते, आणि ते लक्षात येत नाही, कारण माणूस मान डोलावत राहतो. तुमचे यजमान यातले कुठले हे स्पीच थेरपिस्टकडून तपासून घ्या. मग त्यांना विचारा, पण आपण एरवी विचारतो तसं नाही. टीव्ही बंद करा. नातेवाइकांची गर्दी नको. एका वेळी एक छोटं वाक्य, आणि त्यानंतर थांबा. आपल्याला असह्य वाटेल इतका वेळ थांबा. यंत्राचा फोटो दाखवा, सहा आठवड्यांचं कॅलेंडर समोर ठेवून जाण्याच्या दिवसांवर खुणा करा. 'खरं' आणि 'खोटं' अशा दोन चिठ्ठ्या त्यांच्यासमोर घडी करून मिसळा, म्हणजे चिठ्ठी टाकून गट ठरतो हे डोळ्यांना दिसेल. मग एकच गोष्ट उलटसुलट विचारा. "तुम्हाला जायचंय?" आणि थोड्या वेळाने, "तुम्हाला घरीच राहायचंय?" दोन्हींना 'हो' आलं तर ते उत्तर नाही, ती तुमचं मन राखण्याची मान आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. घाई लावणारा संशोधक असेल तर तेही एक उत्तरच समजा. चांगल्या ठिकाणी विचार करायला वेळ देतात, आणि वाचता-लिहिता न येणाऱ्यासाठी संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार बसवतात. सही डाव्या हाताने केली तरी चालते. काही चाचण्या वाचा गेलेल्या माणसांना घेतच नाहीत, तेव्हा हे पहिल्याच भेटीत विचारा, नाहीतर सगळी मनाची तयारी होऊन शेवटी नकार यायचा.

अपेक्षा कितपत ठेवायची, तेही आत्ताच बोलून ठेवू. हाताची प्रगती बहुधा फ्यूगल-मेयर या मापाने मोजतात. १९७५ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेलं हे माप आहे, हातासाठी एकूण ६६ गुण, प्रत्येक हालचालीला शून्य, एक किंवा दोन. पाचेक गुण वाढले तर खरा बदल मानतात. पाच गुण म्हणजे शर्टाची बटणं लावणं नाही हो. मनगट थोडं स्थिर राहणं, पेला धरून ठेवता येणं, बोटं अर्धवट का होईना उघडणं, अशा पातळीवरचं ते. ज्याची मूठ सात महिने उघडली नाही त्याला याची किंमत कळते, पण जुना हात परत येईल या आशेवर गेलात तर पाच गुणांतही निराशा दिसेल.

दुसऱ्या पद्धतींची नावं तुमच्या कानावर येतीलच, तेव्हा त्यांचीही थोडी माहिती असू द्या. सध्या सगळ्यांत भक्कम निकाल डोक्यावरच्या यंत्राचा नाही, मानेतल्या एका मज्जातंतूचा आहे. छातीत छोटं यंत्र बसवून त्याची तार व्हेगस नावाच्या तंतूला जोडतात, आणि रुग्ण हात हलवतो त्याच क्षणी थेरपिस्ट बटण दाबून त्या तंतूला चाळवतो. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या १०८ रुग्णांवरचा हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांच्या व्यायामानंतर खऱ्या गटात सरासरी ५ गुण वाढले, खोट्या गटात २.४. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामकाने या यंत्राला मान्यता दिली. पण ही शस्त्रक्रिया आहे, शिवाय झटक्याला किमान नऊ महिने झालेल्यांवरच तो अभ्यास होता. मेंदूच्या मागच्या भागात, म्हणजे लहान मेंदूत खोल तार बसवायचा अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमधला प्रयोग २०२३ मध्ये छापून आला. त्यात रुग्ण अवघे बारा. निकाल आशादायक होता, पण बारावर विसंबू नये. कवटीच्या आत, मेंदूच्या वरच्या पडद्यावर इलेक्ट्रोड ठेवायची पद्धतही आधीच्या छोट्या अभ्यासांत अशीच झकास दिसली होती. मग १६४ जणांची मोठी चाचणी झाली आणि ठरवलेल्या कसोटीवर ती उतरली नाही. या क्षेत्रात असं वारंवार झालं आहे.

जावईबापूंच्या पट्ट्याचं मूळही संशोधनातच आहे. डोक्यावर ओले स्पंज ठेवून एक-दोन मिलिअँपिअरचा मंद प्रवाह सोडायचा. २००० साली जर्मनीत गॉटिंगेनच्या नित्शे आणि पाउलुस यांनी अशा प्रवाहाने मेंदूची उत्तेजनक्षमता बदलते हे दाखवलं, आणि तेव्हापासून यावर पुष्कळ काम झालं. पण अमेरिकेतली १२९ रुग्णांवरची चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात चांगला हात अडकवून कमकुवत हाताला कामाला लावायच्या व्यायामासोबत हा प्रवाह दिला होता, चार मिलिअँपिअरपर्यंत. गंभीर त्रास झाला नाही, पण नुसत्या व्यायामापेक्षा जास्त फायदाही दिसला नाही. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ही गत, मग घरी स्पंज चार बोटं सरकला, कोरडा पडला तर? कातडी भाजते, कधी फोड येतात. प्रवाह नक्की कुठे जातोय हे कुणीच तपासत नाही. जावयांची माया खरी आहे, तिला दुसरं काम द्या, ते खाली सांगते.

खासगी केंद्राबद्दल फार लिहावं असं काही नाही. जिथे मोठमोठ्या चाचण्यांना फरक दाखवता येत नाही, तिथे कुणी खात्री देत असेल तर तो एकतर वाचत नाही किंवा तुम्हाला वाचू देत नाही. उपचार म्हणून यंत्र वापरणं गैर नाही, पण खात्री आणि आगाऊ रक्कम ही जोडी दिसली की उठून यावं. खऱ्या संशोधनात संशोधनाच्या उपचाराचे पैसे तुमच्याकडून घेत नाहीत. त्याला नोंदणी क्रमांक असतो आणि सरकारी किंवा आंतरराष्ट्रीय नोंदवहीत तो कुणालाही शोधता येतो. एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधन रुग्णांच्या हिताला धरून आहे ना हे पाहणाऱ्या समितीची, मंजुरी असते, तिचा संपर्क संमतीपत्रावर छापलेला असतो. इजा झाल्यास उपचार आणि भरपाई कोण करणार तेही लिहिलेलं असतं.

विचारायचं आणखी थोडं आहे. हात ताठरतोय का? तसं असेल तर पुढे-मागे स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनम इंजेक्शनची गरज लागू शकते, आणि काही चाचण्यांत त्या काळात ते घेऊ देत नाहीत. आधी स्पष्ट करून घ्या. खांदा दुखतो का? झटक्यानंतरचा खांदा सैल असू शकतो, त्याला धरून उठवू नका, हात डोक्यावर खेचायचे व्यायाम स्वतःच्या मनाने करू नका. चांगला हात बांधून ठेवायची ती पद्धत तुमच्या कानावर आली असेल. तिचा सगळ्यांत नावाजलेला अभ्यास २००६ चा, २२२ रुग्णांचा. पण त्यात मनगट आणि बोटं थोडी तरी आपणहून वर उचलता येणारेच लोक होते. तुमच्या यजमानांची मूठ उघडतच नसेल तर ती पद्धत आत्ता त्यांच्यासाठी नाही, उगाच चांगला हात अडकवून चिडचिड वाढवू नका. घरात एवढं करता येईल: टेबलावर उजवा हात ठेवून कागद दाबून धरणं, डबा अंगाशी धरणं, दाराला ढकलणं. उघडत नसलेल्या मुठीलाही ही कामं देता येतात. आणि तुम्ही पटकन पुढे होऊन करून टाकू नका. मला माहीत आहे, सकाळच्या घाईत ते किती कठीण जातं.

शेवटी तुमच्याबद्दल. आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे नेणं-आणणं तुम्ही एकटीने करायचं ठरवलं असेल असं मला वाटतं. करू नका. सात महिने तुम्हीच निभावलंय. दीर केंद्र शोधायला निघाले होते, त्यांना दोन फेऱ्या द्या. मुलाला संमतीपत्राचे फोटो पाठवा, नोंदणी क्रमांक शोधायला सांगा आणि प्रश्नांची यादी त्यालाच करू द्या, ओरडण्यापेक्षा ते बरं. जावयांकडे तिसरी फेरी आणि घरच्या व्यायामाची वही. पट्टा आधीच मागवून झाला असेल, तर परत पाठवायची मुदत संपायच्या आत तो परत करायला सांगा.